लंकाबाईनं बॅरिटोन तपासला

मी तापट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. चाळीस वर्षं बँड चालवतोय. बँडमास्तर तापट नसला की ढोलवाला विडी ओढायला निघून जातो आणि नवरदेव घोड्यावर ताटकळत बसतो. पण लंकाबाईपुढं माझा ताप चालत नाही. ही गोष्ट तिची आहे. मधे माझीही बाजू येते आणि ती काही फार चांगली नाही, पण सांगायलाच बसलोय तर सगळं सांगतो.

देवळाली प्रवरात कारखान्याकडं जाणाऱ्या रस्त्याला तिचं दुकान आहे. पत्र्याचं, दहा बाय बाराचं. वर पाटी, ‘कल्याण वाद्य दुरुस्ती’. कल्याण म्हणजे तिचा मालक आणि माझा जिवलग दोस्त. तीन वर्षांपूर्वी गेला. राहुरीपासून पार शेवगाव-पाथर्डीपर्यंतचे बँडवाले त्याच्याकडं यायचे. क्लॅरिनेट, कॉर्नेट, सॅक्सोफोन, काय म्हणाल ते. ‘कल्याण मिस्तरीच्या हातचं आहे’ असं म्हटलं की समोरचा पुढं काही विचारायचा नाही.

लंकाबाई ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली. लग्न होऊन आली तेव्हा तिनं वरातीतला बाजा लांबूनच काय तो बघितलेला. कल्याण तिला शिकवायला वगैरे बसला नाही. तो मुळात बोलायचाच नाही. फक्त ‘धर’ म्हणायचा. ती धरायची. नळी धर, दिवा धर, चावी धर. असं धरता धरता पंधरा वर्षं गेली. मग कल्याणला साखरेनं गाठलं आणि नजर अधू झाली. तेव्हा कळलं की बाईला सगळं येतंय. तो बोटांनी चाचपायचा, ती बघून सांगायची, आणि दोघांचं मिळून एक मिस्तरी व्हायचं.

तो गेला, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हिनं शटर वर केलं. मी धावत गेलो. म्हटलं, “वहिनी, लोक कल्याणच्या नावावर येत हुते. आता कोन येनार?”

“नाव हाय तिथंच हाय की,” ती म्हणाली. “पाटी काढली का मी?”

“तसं न्हाई, पन तुमच्या हातात बाजा द्यायला लोक कचरतील.”

“कचरू द्या. भाऊजी, उजेडात उभं ऱ्हाऊ नका, बाजूला व्हा.”

पहिलं वर्ष खरंच हाल झाले. दिवस दिवस कुणी फिरकायचं नाही. ती रोज नऊला दुकान उघडायची, जुन्या मोडक्या क्लॅरिनेटच्या चाव्यांखालच्या, भोकं झाकणाऱ्या गाद्या काढायची, परत बसवायची. मी एकदा चिडून म्हटलं की कशाला जिवाला त्रास करून घेता, तर म्हणाली, हात बसून राहिला की विसरतो. दुसऱ्या वर्षी माणसं यायला लागली. तिसऱ्या वर्षी तर जुना बाजा विकत घ्यायचा असला की आधी लंकाबाईला दाखवायचा, अशी रीतच पडली. ती ‘घ्या’ म्हणाली तर घ्यायचा. ती नुसतीच ‘ऱ्हाऊ द्या’ म्हणाली तर गुपचूप घरी जायचं.

तपासायचे तिचे नियम आहेत. माल बघायच्या आधी विकणाऱ्याच्या घरचा चहा नाही. पाणीसुद्धा स्वतःच्या बाटलीतलं. बाजा चकाकत असेल तर ती खूश होत नाही, उलट नाकाला लावून वास घेते. पॉलिशचा ताजा वास आला की विचारते, “काय झाकलंय?” आणि गंमत म्हणजे तिला स्वतःला एकही गाणं वाजवता येत नाही. एक लांब सूर काढते, तेवढंच. मी चिडवतो, “वहिनी, एवढ्या वर्षांत एक वरातीचं गानं तरी शिकायचं.” ती म्हणते, “तुमी चाळीस वर्सं वाजवताय, तुमाला कुठं आलं?”

तर आता बॅरिटोनकडं येतो. सॅक्सोफोनच्या घरातला हा थोरला. माणसाच्या कमरेएवढा उंच, वरच्या अंगाला नळीचं वेटोळं, आवाज असा की छातीच्या पिंजऱ्यात घुमतो. आपल्याकडं लग्नाच्या बँडात तो सहसा दिसत नाही. माझ्याकडं होता. परदेशी बनावटीचा, सत्तर वर्षांपूर्वीचा. दोन हजार सहाच्या भीमजयंतीला आम्ही तो देवळालीच्या मिरवणुकीत वाजवला. आजही म्हातारी माणसं त्या आवाजाची आठवण काढतात. पुढं त्याचे खालचे सूर निघेनासे झाले. मी वाजवणाऱ्या पोरांना शिव्या घातल्या, छातीत दम नाही म्हणून दोघांना काढलं, तिसरा आपणहून गेला. शेवटी दोन हजार तेराला रागाच्या भरात तो पाथर्डीकडच्या बिभीषणला विकून टाकला. विकल्याच्या दुसऱ्याच दिवसापासून हळहळलो.

यंदा मार्चमध्ये बिभीषणचा फोन आला. त्याच्या बँडातली निम्मी माणसं कोयता घेऊन कारखान्यांवर जातात, उरलेली पुण्याला. बँड बंद करतोय, तुमचा बाजा तुम्हीच न्या, म्हणाला. मला आनंदानं काही सुचेना. माझी पुतणी वृषाली नगरला शाळेत शिकवते आणि सुट्टीला माझ्या बँडात सॅक्सो वाजवते. तिच्या छातीत दम आहे, माझ्यापेक्षा जास्त. ठरवूनच टाकलं की या चौदा एप्रिलला मिरवणुकीच्या पुढं बॅरिटोन, आणि तो वृषालीच्या गळ्यात. मंडळाच्या पोरांना सांगूनही टाकलं. त्यांनी फ्लेक्सवर छापायला घेतलं.

लंकाबाईला न नेता गेलो असतो तर काय बिघडलं असतं? बाजा तर माझाच होता. पण वृषाली ऐकेना. “काका, लंकाकाकूंनी बघितल्याशिवाय मी गळ्यात घालणार नाही,” म्हणाली. म्हटलं चला, कल्याणच्या हातचा बाजा आहे, वहिनी काय वाईट बोलणार आहे?

शनिवारी निघालो. शनिवारी त्या रस्त्यानं निघणं हाच गाढवपणा. शिंगणापूरला जाणाऱ्या गाड्यांनी रस्ता जाम, मी जीपचा हॉर्न दाबून दाबून बेजार. लंकाबाई मागच्या सीटवर मांडीवर पिशवी घेऊन शांत बसलेली. पिशवीत गोधडी, दिवाळीच्या बारीक दिव्यांची माळ, पतंगाचा कागद, कात्री, गॅसची छोटी बत्ती.

बिभीषणच्या अंगणात खाटेवर बॅरिटोन ठेवला होता. गावातली दहा-पंधरा माणसं जमलेली. मला बघताच बिभीषण म्हणाला, “या मास्तर! बघा की, कसा ठिवलाय. कल्याण मिस्तरीच्या हातचा हाय म्हनून कुनाला हात लावू दिला न्हाई. तीन गिऱ्हाईकं माघारी धाडलीत.” मग लंकाबाईकडं वळून, “ताई, तुमच्याच घरचं काम. तुमी काय बघायचं त्यात? चहा घ्या.”

“चहा मागनं,” ती म्हणाली आणि पिशवी उघडली.

आधी वास. मग मानेच्या नळीवरचा नंबर आणि अंगावरचा नंबर ताडून बघितला, दोन्ही एकच. तिनं मान हलवली, माझा जीव भांड्यात पडला. मग एक डोळा मिटून गवंडी भिंत बघतो तशी नळीच्या अंगावरून नजर टाकली. एकदा टाकली, दोनदा टाकली. तिसऱ्यांदा बाजा फिरवून खालून टाकली.

मग एकेक चावी दाबून सोडायला लागली. चावी सोडली की टपकन जागेवर यायला हवी. वरच्या आल्या. खालच्या दोन आळसावलेल्या म्हशीसारख्या हळूहळू उठल्या. पतंगाच्या कागदाची पट्टी प्रत्येक गादीखाली ठेवून ओढून बघितली. काही ठिकाणी पट्टी घट्ट धरली जायची, काही ठिकाणी एका अंगानं धरली जायची आणि दुसऱ्या अंगानं सुळकन निघायची. मग दिव्यांची माळ नळीत सोडली, बाजा पुढ्यात घेतला आणि दोघांवर गोधडी ओढून घेतली; गादी नीट बसत नसली की अंधारात तिथून उजेड गळतो. भर दुपारी, पाथर्डीच्या उन्हात! जमलेली माणसं हसायला लागली. एक जण म्हणाला, “बाई झोपली का काय?” मी त्याच्याकडं असं बघितलं की तो गप्प बसला.

चांगली वीस मिनिटं ती गोधडीत होती. बाहेर आली तेव्हा घामानं निथळत होती. वृषालीला म्हणाली, “घाल गळ्यात. सगळ्यात खालचा सूर काढ.”

वृषालीनं छाती भरून फुंकलं. काय सांगू! अंगण हादरलं, कोंबड्या उडून पळाल्या. माणसांनी टाळ्या पिटल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, लपवत नाही. एकोणीस वर्षांपूर्वीचा तोच आवाज.

“आता तोच सूर हळू काढ,” लंकाबाई म्हणाली. “लेकरू झोपलंय असं समज.”

वृषालीनं हळू फुंकलं. नुसती हवा फुसफुसली. पुन्हा फुंकलं तर खालचा सूर सुटून वरचाच निघाला. तिसऱ्यांदा भोंग्यातून नुसता घरघराट. तिनं बाजा खाली घेतला. “काकू, माझं चुकतंय का?”

“तुझं न्हाई चुकत. जोर लावला की कसाबी बाजा वरडतो. हळू बोलला तर खरा.” मग ती माझ्याकडं वळली. “भाऊजी, ऱ्हाऊ द्या.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “काय ऱ्हाऊ द्या? आत्ता अंगन हादरलं ते ऐकलं न्हाई का? गाद्या बदलल्या की झालं!”

“गाद्यांचं काम न्हाई. अंगच वाकलंय.” तिनं भोंगा आणि मुख्य नळी यांना जोडणाऱ्या पितळी टेकूवर बोट ठेवलं. “हा टेकू ताणून बसवलाय. आत बाजाचं अंग धनुष्यावानी वढलेलं हाय. त्या वाकड्या अंगाला जुळाव्यात म्हनून चाव्या वाकवल्यात. आज एक जुळली की उद्या दुसरी सुटती.”

“कुनी बसवला म्हने?” बिभीषण पुढं आला. “त्यो टेकू मी घेतला तवापास्नं तसाच हाय. कल्याण मिस्तरीचं काम हाय त्ये!”

मी मनात म्हटलं, वहिनी, आता गप्प बसा. पाटीवर त्याचं नाव आहे. तुमची रोजची चूल त्या नावावर पेटते. नुसतं ‘बाजा म्हातारा झाला’ म्हणा आणि सोडून द्या. कोण विचारणार आहे?

लंकाबाईनं पदरानं तोंड पुसलं. “व्हय. त्यांचंच काम हाय,” ती म्हणाली. “सांध्याला झाळ दिल्यावर डाव्या हातानं फडकं फिरवायचे ते. हा फराटा बघा, डावीकडं गेलाय. दुसऱ्या कुनाचा असा नसतो. काम माझ्या मालकाचं हाय आन् ते चुकलेलं हाय.”

“वहिनी!” मी ओरडलोच. “मेलेल्या मानसाला चारचौघांत नावं ठेवता? त्याच्याच जिवावर दुकान चालतंय ना?”

तिचे डोळे भरले, पण आवाज हलला नाही. “त्यांच्या जिवावर चालतंय म्हनूनच बोलते. आज मी खोटं बोलले तर उद्या ही पोरगी जयंतीच्या म्होरं हजार मान्सांत तोंडघशी पडंल. समदे म्हनतील, पोरीच्या छातीत दम न्हाई.”

बिभीषणच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. गिऱ्हाईक हातचं चाललं होतं. “बोलायला काय जातंय? दाखवा की खरं करून!”

“दाखवते. टेकूची झाळ वितळवते. अंग सरळ असंल तर टेकू जागचा हलनार न्हाई, मी हाय तसा परत झाळून देते आन् घरी जाऊन माझी पाटी उतरवते. हलला तर माझं खरं. चालंल?”

बिभीषणनं आजूबाजूला बघितलं. माणसं बघत होती. “चालंल,” म्हणाला.

मी तिचा हात धरायला गेलो. “पाटी कशाला मधे आनता?” तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. बत्ती पेटवली, आजूबाजूच्या चाव्यांवर ओलं फडकं गुंडाळलं आणि टेकूच्या बुडाशी निळी ज्योत धरली. एवढीशी ज्योत, पण आम्ही सगळे तिच्यावर वाकलेलो. झाळ चकाकली, ओली झाली, आणि टण्णकन आवाज झाला. टेकू सुटला. भोंगा आपोआप बाजूला सरकला. टेकू आणि नळी यांच्यात करंगळी जाईल एवढी फट पडली.

लंकाबाईनं बत्ती बंद केली आणि त्या फटीकडं बघत राहिली. तिला खरं ठरल्याचा आनंद झालेला नव्हता. तिचा चेहरा असा झाला होता की मला तिच्याकडं बघवेना.

मागून कुणीतरी म्हणालं, “म्हंजी कल्याण मिस्तरीबी तसलाच निघाला.” दोघं-तिघं हसले.

ते हसणं माझ्या काळजात घुसलं. कारण तो टेकू असा का बसला, हे त्या अंगणात एकट्या मला माहीत होतं. आठवत नव्हतं असं नाही. मी आठवू देत नव्हतो.

“त्यो तसला नव्हता,” मी म्हणालो. “तसला मी हाय.”

लंकाबाईनं मान वर केली.

मग सगळं सांगितलं. दोन हजार सहा, चौदा एप्रिलची सकाळ. टेम्पोतून उतरवताना बाजा भोंग्यावर पडला आणि वाकला. मी तसाच उचलून कल्याणकडं नेला. जयंतीच्या गडबडीत वहिनी दुकानात नव्हती. तो म्हणाला, सगळ्या चाव्या उतरवून अंग सरळ करावं लागेल, आठ दिवस लागतील. मी म्हटलं, चार वाजता मिरवणूक आहे, चार वाजता पाहिजे. भांडलो, दोस्तीच्या शपथा घातल्या. शेवटी त्यानं भोंगा दोरीनं ओढून धरला आणि टेकू झाळला. म्हणाला, “भीमराज, हे आजच्या दिवसापुरतं हाय. उद्या सकाळी आन, उघडून नीट करतो. आन् कच्चं काम माझ्या दुकानातनं भायेर गेलं, हे कुनाला बोलू नको.” दुसऱ्या दिवशी नेवाशाची सुपारी होती, म्हणजे लग्नाचं बोलावणं. मी बाजा तिकडं नेला. मग तिसरी सुपारी, मग चौथी. परत नेलाच नाही. सूर बिघडले तेव्हा पोरांना शिव्या घातल्या, कारण कल्याणकडं न्यायचं म्हणजे चूक कबूल करायची.

“त्यो दरवर्सी सीझनला इचारायचा,” मी म्हणालो. “त्या टेकूचं काय रं? मी म्हनायचो, झकास हाय.”

लंकाबाई उठून माझ्यापुढं आली. मला वाटलं, मारते आता. मारायला हवं होतं.

“रात रात पडून ऱ्हायचे ते,” ती म्हणाली. “नजर गेली तवा. म्हनायचे, लंका, माझं एक काम भायेर फिरतंय. मी इचारलं, कोनतं? तर गप. मी म्हनलं, आजारपनात कायबी बोलत्यात. तुमी रोज आमच्या वट्यावर चहा प्यायला येत हुता, भाऊजी. रोज!”

मी खाली बघत उभा राहिलो. वृषाली माझ्याकडं बघत होती, आणि तिच्या नजरेतही मी खाली गेलेला मला दिसला. बिभीषणनं तेवढ्यात शहाणपणा केला. माणसांना पांगवलं आणि बायकोला चहा टाकायला सांगितला.

लंकाबाई खाटेवर बसली. बराच वेळ बॅरिटोनच्या सुटलेल्या अंगावरून हात फिरवत होती. मग डोळे पुसले, माझ्याकडं न बघता म्हणाली, “बाजा चांगला हाय. पितळ जाड हाय, भोकांच्या कडा शाबूत हायेत. अंग मोकळं झालं, आता सरळ हुईल. समद्या चाव्या उतरवून एकेक जुळवावी लागंल. हे काम त्यांनी करायचं ऱ्हायलंय, ते मी करनार. तुमी घ्या न्हाईतर नका घेऊ.”

“घेतो,” मी म्हणालो.

तिनं गोधडी पसरली, बाजा तिच्यावर ठेवला, सुटलेला टेकू वेगळा फडक्यात बांधला. सगळं बांधून झाल्यावर तिनं पहिल्यांदा माझ्या तोंडाकडं बघितलं.

“कवा पायजे?”

चौदा एप्रिलला तेवीस दिवस होते. फ्लेक्स छापायला गेलेला. मंडळाची पोरं रोज फोन करत होती. वृषाली माझ्याकडं बघत होती.

“तुमी म्हनाल तवा,” मी म्हणालो.

त्या जयंतीला आम्ही बॅरिटोनशिवाय वाजवलं. मिरवणुकीत ज्यानं ज्यानं विचारलं, की मास्तर, फ्लेक्सवरचा बाजा कुठाय, त्याला त्याला मी बाजूला घेऊन दोन हजार सहाची सगळी हकिकत सांगितली. माझं नाव घेऊन सांगितली. संध्याकाळपर्यंत सत्तावीस जण झाले होते.